जंगलाखालील कवकजाळ्यांचे गणिती प्रतिमान

झाडांची मुळे, त्यांना चिकटून वाढणारी कवके आणि भोवतालची माती यांच्यातली देवाणघेवाण समीकरणांत मांडणारी ही संशोधनशाखा आहे. मूळ आणि कवक यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये दिले. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या कवकाची लागवड करायची होती आणि ते काम फ्रांक यांच्याकडे आले होते. हाती लागले ते हे सहजीवन.

गणिताची गरज पडते ती फॉस्फरसमुळे. मातीत फॉस्फेट फार सावकाश सरकते. मुळाने आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा शोषून घेतला की तो उपसलेल्या विहिरीसारखा होतो, आणि झरा इतका मंद की विहीर भरता भरत नाही. कवकाचा तंतू मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा असतो. तो हा कोरडा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर पलीकडचे फॉस्फेट आणतो आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतो. तंतू किती वेगाने वाढतो, किती फुटतो, किती मरतो, यावर हा व्यवहार कुणाला परवडतो ते ठरते.

गणिती जीवशास्त्रज्ञ लिआ एडेलस्टाइन-केशेट यांनी 1982 मध्ये कवकाच्या वाढीसाठी मांडलेली समीकरणांची जोडी आजही पाया मानली जाते. तीत दोनच राशी आहेत: तंतूंची घनता आणि टोकांची घनता. टोक पुढे सरकते आणि मागे तंतू सोडत जाते. म्हणून नवा तंतू म्हणजे टोकांची संख्या गुणिले त्यांचा वेग, आणि त्यातून मेलेला तंतू वजा. टोके फांद्या फुटून वाढतात, दुसऱ्या तंतूला जाऊन भिडली की संपतात. एवढ्याशा हिशेबातून पसरत जाणारी वसाहत उभी राहते. आंद्रेआ श्नेप्फ, टीना रूस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये याच धर्तीचे प्रतिमान मुळांच्या पेशींत शिरणाऱ्या कवकांना लावले. तीन कवके तपासली, तर प्रत्येकाची वाढ वेगळ्या गृहीतकाशी अधिक जुळली.

दुसरी वाट आलेखसिद्धान्ताची. इथे झाड हा बिंदू आणि सामाईक कवक ही रेषा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, डग्लस फर या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात, 30 गुणिले 30 मीटरच्या एका तुकड्याचा डीएनएवरून काढलेला असा नकाशा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तुकड्यात 67 झाडे होती आणि सर्वांत जास्त जोडलेले एक झाड 47 झाडांशी जोडलेले निघाले. असे झाड तोडले तर जाळे कितपत विस्कटते, हे कागदावर लगेच काढता येते. मात्र नकाशातली रेषा एवढेच सांगते की एकाच कवकव्यक्तीचे, म्हणजे एकाच स्वतंत्र कवकजीवाचे, धागे दोन्ही मुळांवर सापडले. मधला धागा आज अखंड आहे का, असला तर त्यातून काही वाहते का, हे ती सांगत नाही. लोकप्रिय लिखाणात हा फरक सर्रास गाळला जातो.

वाहण्याचा प्रश्न कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांच्या पीएचडीच्या कामातून पुढे आला. त्यांनी बर्च आणि डग्लस फरच्या रोपांना कार्बनची दोन वेगवेगळी समस्थानिके, म्हणजे वेगळ्या वजनाचे कार्बनचे अणू, दिली, काही फरवर सावली धरली आणि कुणाचा कार्बन कुणात पोचला ते मोजले. 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या निष्कर्षानुसार फरची निव्वळ कमाई त्यांनी प्रकाशसंश्लेषणातून घेतलेल्या समस्थानिकाच्या सरासरी 6 टक्के होती आणि सावलीनुसार ती बदलत होती. झाडे एकमेकांशी ‘बोलतात’ ही कल्पना यानंतर घरोघरी पोचली. 2023 मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होकसेमा यांनी उपलब्ध पुरावा पुन्हा तपासला आणि अनेक दावे पुराव्यापेक्षा मोठे असल्याचे दाखवले. कार्बन तंतूतून गेला की मातीतल्या पाण्यातून, हे प्रत्यक्ष जंगलात वेगळे करणे अवघड असते. प्रतिमानात या दोन वाटांची पदे वेगळी लिहावी लागतात. ती एकत्र केली की उत्तर हवे तसे वळवता येते.

या विषयात पीएचडी करणाऱ्याची अडचण बहुधा समीकरणे सोडवण्याची नसते. ती संगणक सोडवतो. अडचण असते ती समीकरणांत घालायच्या आकड्यांची. खणले की जाळे तुटते, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवले की ते जंगल राहत नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात यंत्रमानवाने बशीतल्या कवकजाळ्याचे लाखो जोडबिंदू टिपले. पण त्या बशीत झाडाऐवजी गाजराची मुळे होती. शिवाय गणिताचे परीक्षक विचारतात, यात नवे प्रमेय कुठे. वनस्पतिशास्त्राचे विचारतात, मातीत हात कधी घातला.

सह्याद्रीत काम आणखी बिकट होते. साग, आंबा यांसारख्या आपल्या बहुतेक झाडांची कवके मुळांच्या पेशींत शिरणाऱ्या गटातली आहेत. त्यांच्या एकाच तंतूत असंख्य केंद्रके असतात आणि तंतू एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ‘एक कवकव्यक्ती’ कुठे संपते हेच ठरवता येत नाही, आणि डग्लस फरसारखा नकाशा काढता येत नाही. या कवकांच्या छत्र्याही उगवत नाहीत. गोव्यात पावसाळ्यात रोणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी अळमी वाळवीच्या सहजीवनातली आहे. तिचा मायकोरायझाशी संबंध नाही. पेशींत शिरणाऱ्या कवकांच्या गटावर गोवा विद्यापीठात दीर्घकाळ काम झाले आहे. असल्या कामात माती पाण्यात ढवळून, बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून ओतून, उरलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजतात.