वखार, आगबोट आणि पट्टी: कोकणातल्या व्यापार केंद्राच्या मागणीमागचा इतिहास

रत्नागिरीत व्यापार आणि परिषदांसाठी मोठे केंद्र असावे, असा विषय निघाला की लगेच प्रश्न येतो, "इथे येणार कोण?" या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न अलीकडचा आहे. मुंबई ही सात बेटांवरची लहानशी वस्ती होती, तेव्हा परदेशी व्यापारी कोकणातच उतरत होते.

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि इराणी आखाताकडे जहाजे जात. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार काढली, तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. इंग्रजांनी १६४९ मध्ये राजापूर निवडले, कारण घाटावरचा माल अणुस्कुरा घाटाने उतरून तिथल्या खाडीपर्यंत येई. या वखारींत माल साठवला जाई, व्यापारी राहत, दुभाष्यामार्फत भाव ठरे आणि करारही तिथेच होत. आजच्या परिषद केंद्राकडून आपण जे मागतो, त्यातले बरेचसे तिथे एका छपराखाली होते. वखारवाले राजकारणातही पडत. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर चालून जाऊन त्यांना कैद केले.

पुढे दोन गोष्टी घडल्या. अर्जुना नदीच्या गाळाने राजापूरची खाडी भरत गेली आणि मोठी गलबते आत येईनाशी झाली. त्याहून मोठा घाव मुंबईच्या वाढीचा. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या धावत. चाकरमान्यांची मोठी सोय झाली, मनीऑर्डरी गावात येऊ लागल्या. मात्र या वाटेने माणसांबरोबर व्यवहारही मुंबईला गेला.

आंब्याचेच पाहा. बागायतदार पेट्या भरून पाठवायचा, आधी क्रॉफर्ड मार्केटला, नंतर वाशीला. तिथे दलाल माल विकणार, भाडे, हमाली, दलाली कापणार आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, पाठवणार. आपल्या फळाला काय भाव आला हे झाड राखणाऱ्याला माल विकून झाल्यावर कागदावर कळायचे. भाव ठरताना तो समोर नसे, गिऱ्हाईक कोण हेही त्याला ठाऊक नसे. मोबाइल आल्यावर भाव लवकर कळू लागला, पण तो ठरतो अजून बहुतेक वाशीतच. माझ्या मते केंद्राच्या मागणीचे खरे मूळ या पट्टीत आहे. मोठी इमारत, शहराची शान वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

रत्नागिरी शहराला एकत्र येण्याची सवय नव्हती असे मुळीच नाही. इथले नगर वाचनालय १८२८ चे. सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी बांधले आणि १९३१ मध्ये ते उघडले. नाटकवेड्या या शहरात सावरकर नाट्यगृह आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये रत्नागिरीत आणि २०१३ मध्ये चिपळूणला भरले. माणसे आली, राहिली, जेवली. ग्रंथांसाठी, नाटकासाठी, समाजसुधारणेसाठी जागा उभ्या राहिल्या. व्यापाराची बोलणी मात्र मुंबईतल्या गाळ्यांवर होत राहिली.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि रत्नागिरी एकाच लोहमार्गाने मुंबई, गोवा आणि मंगळुरूला जोडली गेली. ज्ञानाची सोय तर आधीच होती: दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, भाट्याचे नारळ संशोधन केंद्र, काजूच्या जाती देणारे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि परराज्यातला आंबा हापूस म्हणून विकण्याला कायद्याने हरकत घेता येऊ लागली. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावी पणन मंडळाचे आंबा निर्यात सुविधा केंद्रही आहे. म्हणजे जुन्या वखारीचे अर्धे काम, माल हाताळण्याचे, रत्नागिरीत होऊ शकते. खरेदीदाराला इथे आणून समोरासमोर बसवण्याचे उरलेले अर्धे राहिले आहे.

आराखडा करणाऱ्यांनी इथले वर्षाचे गणितही पाहावे. मार्च ते मे बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला लागतात. आंब्याचा हंगामही तोवर आटोपलेला असतो. पुढच्या वर्षाचे करार, भाव, वाहतूक, शीतगृह यांवर सगळ्यांनी बसून बोलायचे तर वेळ मिळतो तो नेमका याच दिवसांत, आणि या दिवसांत कोकणातला पाऊस मैदानात मंडप टिकू देत नाही. त्यामुळे पक्के छप्पर, मुसळधार पावसातही ट्रक आत येईल असा रस्ता, नमुने मांडायला कोरडी जागा आणि बाहेरगावच्या खरेदीदाराला राहायला खोल्या, एवढे आराखड्यात आधी धरावे. भव्य प्रेक्षागृह नंतर बांधले तरी चालेल.