घराण्यातली साखर आणि बशीतल्या पेशी

मधुमेहाच्या कुठल्याही दवाखान्यात पहिल्या दोन मिनिटांत एक प्रश्न येतोच : "घरात कुणाला शुगर आहे का?" माझ्यावर ही वेळ आली की बोटं मोजावी लागतात. आजी, वडील, दोन आत्या आणि आता मोठा चुलतभाऊ. डॉक्टर केसपेपरवर टिपून घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्या नोंदीवरून एवढंच कळतं की आमच्या रक्तात काहीतरी उतरत आलंय. ते नेमकं काय आहे, शरीरात कुठे बसतं आणि तिथे बसून काय करतं, हे मात्र त्यावरून कळत नाही.

डीएनएच्या अभ्यासाने यातला थोडा भाग उलगडला. टाइप २ मधुमेहासाठी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड पाहणीत २५ लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती एकत्र केली गेली आणि धोक्याशी जोडलेली ६११ ठिकाणं हाती आली. यातल्या बहुतेक ठिकाणी प्रथिन बनवणारं जनुकच नाही. शेजारचं एखादं जनुक किती जोराने आणि केव्हा वाचलं जावं, हे ठरवणारे ते पट्टे आहेत. म्हणजे गावांची यादी झाली, पण त्या गावांत काय चालतं ते बाहेरून दिसेना.

आत डोकवायचं तर इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी हव्यात, आणि तिथेच अडतं. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं. त्याचा तुकडा काढायचा म्हटलं तर पाचकरस सांडून जीवघेणी सूज येऊ शकते, त्यामुळे केवळ कुतूहलापोटी कुणी तिथे सुई घालत नाही. शिवाय पेशींच्या ज्या पुंजक्यांत, म्हणजे 'बेटां'मध्ये, बीटा पेशी राहतात, ती सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांकडून ही बेटं मिळतात, पण फार थोडी, आणि दात्याच्या डीएनएत आपल्याला हवं तेच अक्षर, म्हणजे धोक्याशी जोडलेला तोच बारीक बदल, असेल याची खात्री नाही. उंदरांवर भिस्त ठेवावी, तर तेही फसवतात. एचएनएफ१ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर माणसाला ऐन तरुणपणी मधुमेह होतो. उंदराची एक प्रत बिघडवली तर तो खुशाल धडधाकट राहतो.

ही कोंडी फुटली ती जपानमध्ये. क्योटो विद्यापीठातल्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींमध्ये चार जनुकं घातली आणि त्या प्रौढ पेशी पुन्हा गर्भावस्थेतल्या कोऱ्या पेशींसारख्या झाल्या. या स्टेम सेल्सपासून, म्हणजे मूळपेशींपासून, पुढे शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते. २०१२ साली यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपल्या कामाच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी, की त्या कोऱ्या पेशीत डीएनए त्याच माणसाचा असतो. आजीकडून आलेलं अक्षरही तिथे जसंच्या तसं असतं.

पण कोरी पेशी हाती आली म्हणून बीटा पेशी लगेच मिळाली असं झालं नाही. मधल्या वाटेचा मोठा भाग हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी चालून काढला. हा माणूस मुळात बेडकाच्या भ्रूणावर काम करणारा. मुलगा सॅम तान्हा असताना त्याला टाइप १ मधुमेह झाला, पुढे मुलगी एमालाही झाला, आणि मेल्टन यांनी प्रयोगशाळेची दिशाच बदलली. २०१४ साली त्यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी व्हँकूव्हरच्या टिमथी कीफर यांच्या गटाने, साखर वाढताच इन्शुलिन सोडणाऱ्या पेशी मूळपेशींपासून बनवून दाखवल्या.

ही कृती महिनाभराहून जास्त चालते. एका भांड्यात पोषक द्रव संथ फिरत असतो आणि त्यात पेशींचे बारीक गोळे तरंगतात, उजेडासमोर धरले तर रव्याच्या कणांएवढे. गर्भात बाळाचं स्वादुपिंड ज्या क्रमाने घडतं, त्याच क्रमाचे रासायनिक इशारे या गोळ्यांना द्यायचे. पहिले काही दिवस अ‍ॅक्टिव्हिन नावाचं प्रथिन : त्याने पेशींना कळतं की आपल्याला आतड्याच्या वंशात जायचंय. मग इशारा बदलतो, आतड्याची नळी होते, मग त्या नळीचा स्वादुपिंडाकडे झुकणारा भाग, मग संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी. एक इशारा एक दिवस उशिरा पडला तरी पेशी यकृताच्या किंवा भलत्याच वाटेला लागू शकतात. शेवटी परीक्षा. आधी कमी साखरेच्या द्रवात ठेवायचं, मग जास्त साखरेच्या, आणि दोन्ही वेळा बाहेर पडलेलं इन्शुलिन मोजायचं.

आता या साधनाने एखाद्या अक्षराला प्रश्न कसा विचारतात ते पाहू. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती जस्ताची गोष्ट.

बीटा पेशीत इन्शुलिन सुटं पडलेलं नसतं. त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे स्फटिक इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेले असतात. या पिशव्यांमध्ये जस्त ओढून आणणारा एक पंप आहे, त्याचं जनुक एसएलसी३०ए८. २००७ साली लक्षात आलं की या जनुकातल्या एका अक्षराचं एक रूप टाइप २ चा धोका थोडा वाढवतं. आणि ते रूप जगात दुर्मीळ नाही, उलट बहुसंख्य लोकांकडे तेच आहे. उंदरांमध्ये हा पंप बंद केल्यावर पिशव्यांतलं जस्त घटलं आणि काही प्रयोगांत त्यांची साखरही बिघडली. साहजिकच वाटलं, पंप अशक्त असणं वाईट.

मग फिनलंडहून उलटी बातमी आली. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोत्निया भागात १९९० पासून मधुमेही कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. तिथे संशोधकांनी नामी युक्ती केली. तरुण आणि सडपातळ असूनही मधुमेह झालेली माणसं एका बाजूला घेतली, आणि वय झालेलं किंवा वजन भरपूर, तरीही साखर ठणठणीत अशी माणसं दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा डीएनए वाचला. दुसऱ्या गटात याच जस्ताच्या पंपाच्या जनुकात एक बिघाड सापडला. प्रथिनाच्या १३८ व्या जागी एका अक्षराने वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पाडला होता. पुढे दीड लाख लोकांचा डीएनए पाहिला तेव्हा चित्र पक्कं झालं : या जनुकाची एक प्रत मोडलेल्या लोकांना टाइप २ चा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी. ही २०१४ ची गोष्ट. उंदीर एक सांगत होता आणि माणसं दुसरंच.

हा निवाडा करायला माणसाचीच पेशी हवी होती. संशोधकांनी मूळपेशी घेतल्या आणि क्रिस्परच्या कात्रीने, म्हणजे डीएनएत हवा तिथे बदल करण्याच्या तंत्राने, त्यांत तेवढा एकच पूर्णविराम घातला. बाकी तीन अब्ज अक्षरं तशीच. आता हाती दोन प्रकारच्या पेशी आल्या, सख्ख्या जुळ्यांहूनही सारख्या, फरक एका अक्षराचा. दोन्हींपासून बीटा पेशींसारख्या पेशी घडवल्या. दिसलं असं, की मोडक्या प्रतीवरून निघालेला पंप बनवण्याचा निरोप पेशी स्वतःच नष्ट करते आणि पंप कमी बनतात. त्याच अभ्यासात माणसाच्या इतर बीटा पेशींमध्ये हे जनुक दाबलं, तेव्हा त्या साखरेला जास्त तत्परतेने प्रतिसाद देऊ लागल्या. बोत्नियातल्या ज्या कुटुंबांत हा पूर्णविराम उतरला होता, त्यांना जेवण देऊन रक्त तपासलं, तर तिथेही इन्शुलिन अधिक चांगलं सुटत होतं आणि कच्च्या इन्शुलिनचं पक्क्यात रूपांतर नीट होत होतं. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि पंप जोरात चालवण्याऐवजी मंद करणारं औषध शोधावं, अशी दिशा मिळाली.

तत्परता कुठून आली, याचा धागा पेशीच्या एका दारापाशी जातो. साखर नसते तेव्हा बीटा पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमचं दार उघडं असतं. साखर जळून ऊर्जा तयार झाली की दार मिटतं, कॅल्शियम आत येतं आणि इन्शुलिनच्या पिशव्या रिकाम्या होतात. पंप कमी झालेल्या पेशींत या दाराचं कामच कमी झालेलं दिसलं. हे दार आधीपासून ओळखीचं आहे. इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि अ‍ॅना ग्लॉइन यांनी २००४ साली दाखवलं की जन्मल्यापासून काही महिन्यांतच मधुमेह होणाऱ्या अनेक बाळांमध्ये या दाराचं जनुक बिघडलेलं असतं, आणि दार मिटतच नाही. सल्फोनिलयुरिया ही जुनी, स्वस्त गोळी नेमकं तेच दार मिटवते. २००६ मध्ये ४९ रुग्णांना ती दिली आणि ४४ जणांची इन्शुलिनची इंजेक्शनं सुटली. ज्या घरात तान्ह्या बाळाला रोज सुई टोचावी लागत होती, तिथे ती थांबणं म्हणजे काय, हे मला शब्दांत मांडता येत नाही. अक्षराचं काम कळलं की एवढा फरक पडू शकतो. पुढे जस्ताच्या पंपाच्या कामातही ग्लॉइन होत्या.

मूळपेशींपासून घडवलेल्या या पेशींच्या मर्यादाही मोठ्या आहेत. बशीत घडलेली बीटा पेशी गर्भातल्या बाळाच्या वयाची असते. साखरेला तिचा प्रतिसाद प्रौढ पेशीपेक्षा मंद, आणि टाइप २ तर बहुतेकांना चाळिशी-पन्नाशीत गाठतो. स्नायू, यकृत, चरबी यांच्यातली ओढाताण एका भांड्यात उतरत नाही. शिवाय धोक्याचं एकेक सामान्य अक्षर इतका बारीक परिणाम करतं, की एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात होणाऱ्या फरकातच तो हरवू शकतो.

आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांहून बरीच हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. आईच्या पोटात काय मिळालं आणि काय मिळालं नाही, त्याच्या खुणा डीएनएच्या अक्षरांवर नाही, तर त्यांच्याभोवतीच्या रासायनिक टिपांवर उमटतात. यामानाकांची रीत पेशी कोरी करताना अशा बहुतेक टिपा पुसून टाकते. त्यामुळे बशीतली पेशी आजीच्या अक्षराबद्दल बोलते, आजीच्या उपासमारीबद्दल बोलत नाही. "घरात शुगर आहे" या तीन शब्दांत मात्र दोन्ही आलेलं असतं.

त्यावरही काम सुरू आहे. वेगवेगळ्या अक्षरांच्या पेशी घडवून झाल्या की त्यांतल्या काहींना नेहमीच्या द्रवात ठेवतात आणि काहींना दिवसचे दिवस जादा साखर आणि चरबीच्या द्रवात. मग रोज थोडा द्रव काढून इन्शुलिन मोजतात, आणि कोणतं अक्षर असलेली पेशी आधी थकते ते पाहतात.