एका हायकोर्टात दोन कोर्टं: मुंबई हायकोर्ट आणि खालची न्यायिक सेवा अशी का?

मुंबई हायकोर्टात पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास गोंधळतो. ओरिजिनल साइड (जिथे दावा थेट दाखल होतो) वेगळी, अपिलेट साइड (जिथे खालच्या कोर्टांवरची अपिलं येतात) वेगळी, दोन्हीकडचे नियम वेगळे, आणि असं का विचारलं तर बरेच जण "पहिल्यापासून असंच आहे" म्हणून मोकळे होतात.

तर त्याचं कारण १८६२ च्या आधीचं आहे. तेव्हा मुंबईत दोन कोर्टं होती आणि दोघांचे मालक वेगळे. राजाच्या सनदेने आलेलं सुप्रीम कोर्ट (१८२४ ला सुरू झालेलं, आजच्या दिल्लीतल्याशी काही संबंध नाही) शहरातल्या केसेस बघायचं, आणि बाहेरच्या मुलखातली अपिलं ईस्ट इंडिया कंपनीच्या सदर अदालतीत, म्हणजे तिच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, जायची. १८६१ च्या कायद्याने दोन्ही मोडून एक हायकोर्ट केलं, १४ ऑगस्ट १८६२ ला ते उघडलं, पण खरं सांगायचं तर दोन घरं जोडली आणि मधली भिंत तशीच ठेवली. म्हणून मुंबईतला मोठ्या रकमेचा दिवाणी दावा आजही थेट हायकोर्टात लागतो आणि पुण्याचा कितीही कोटींचा असला तरी आधी तिथल्याच कोर्टात.

खंडपीठांचंही तसंच. नागपूरला १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट होतं, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि तिथे खंडपीठ राहिलं. औरंगाबाद आणि पणजी १९८० च्या दशकातली, आणि कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कित्येक वर्षं आंदोलनं झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये आलं.

आता तालुक्याला या. बोर्डावर "दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तथा न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग" लिहिलेलं असतं, म्हणजे माणूस एकच, खुर्ची एकच, सकाळी दावा, दुपारी खटला. दिवाणी बाजू आली १८६९ च्या सिव्हिल कोर्ट्स ॲक्टमधून. त्यातच फर्स्ट क्लास सबजज्जला (आजचा वरिष्ठ स्तर) मोठ्या दाव्यांसाठी "स्पेशल" अधिकार दिले होते, म्हणून आजही वरिष्ठ स्तराकडच्या मोठ्या दाव्याचा नंबर स्पेशल सिव्हिल सूट असा पडतो आणि कनिष्ठकडचा रेग्युलर. फौजदारी बाजूची कथा वेगळीच, तिथे सारा वसूल करणारा मामलेदारच मॅजिस्ट्रेट पण असायचा, म्हणजे तक्रार महसूल खात्याबद्दल असली तरी जायचं त्याच्याचपुढे! मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून हे तोडायला घेतलं, देशभर ते १९७३ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडने झालं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं राज्यघटनेचं कलम २३५. खालच्या न्यायाधीशाची बदली, रजा, प्रमोशन हायकोर्टाच्या हातात, मंत्रालयाच्या नाही. पगार आणि इमारतीचा पैसा मात्र सरकारचा, त्यामुळे कोर्टाची नवीन बिल्डिंग म्हटली की फाइल मंत्रालयातच फिरते. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पण हायकोर्टाशी सल्लामसलत करूनच. त्या जागेवर ७ वर्षं वकिली केलेला माणूस परीक्षा देऊन सरळ येऊ शकतो, बाकीचे बहुतेक खालून चढत येतात.

खालच्या दाराचा नियम मात्र मध्येच बदलतो. कनिष्ठ स्तरासाठी ३ वर्षं वकिलीची अट २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढायला लावली आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच परत आणली, म्हणजे लॉ संपवून लगेच क्लास लावायचा विचार करणाऱ्यांना आता आधी काळा कोट घालून कुणाच्यातरी हाताखाली तारखा घ्यायला उभं राहावं लागणार.