लेक प्लॅसिडचं सुवर्ण त्या रात्री मिळालंच नव्हतं

‘1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला हरवलं आणि आइस हॉकीचं सुवर्ण जिंकलं, निव्वळ चमत्कार!’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. यात दोन चुका आहेत.

22 फेब्रुवारीचा तो 4-3 विजय अंतिम सामना नव्हताच. पदकं चार संघांच्या साखळीतल्या गुणांवर ठरत होती. सुवर्णासाठी 24 तारखेला फिनलंडला हरवावं लागलं, आणि शेवटच्या सत्राआधी अमेरिका 1-2 अशी मागे होती! मग तीन गोल, 4-2.

दुसरी चूक ‘चमत्कार’ या शब्दात. सोव्हिएत सामन्याचं पहिलं सत्र संपत आलेलं, अमेरिका 1-2 मागे. अमेरिकेच्या ख्रिश्चनने लांबून चकती हाणली, सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याकने ती अडवली, पण ती पुढे उसळली. सोव्हिएत बचावपटू जरा सैलावले, आता भोंगा वाजणारच म्हणून. मार्क जॉन्सन मात्र थांबला नाही. दोघांच्या मधून घुसला, चकती उचलली, गोल. घड्याळात एक सेकंद उरला होता. पुढच्या सत्राला सोव्हिएत प्रशिक्षक तिखोनोव्ह यांनी त्रेत्याकलाच बाहेर बसवलं. तो निर्णय पुढे त्यांनाच खुपत राहिला.

अमेरिकेचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी महिनोन्‌महिने पोरांना दमेपर्यंत पळवलं होतं, ते असल्याच क्षणांसाठी.