फ्लॉपी अजून का फिरते आहे?

बोइंग ७४७-४०० विमानांच्या कॉकपिटमध्ये साडेतीन इंची फ्लॉपीचा, म्हणजे माहिती साठवायच्या जुन्या चकतीचा, ड्राइव्ह असतो. धावपट्ट्या, हवाई मार्ग, रेडिओ केंद्रं यांची ताजी माहिती दर २८ दिवसांनी याच वाटेने विमानात चढते. एका फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावतात, मोबाइलवरचा एक बरा फोटोही बसणार नाही. म्हणून एक घालायची, खरखर थांबेपर्यंत वाट बघायची, मग पुढची.

हसू येतं खरं. पण विमानातला ड्राइव्ह बदलणं म्हणजे दुकानातून नवा आणून लावणं नव्हे. वायरिंग, वीजपुरवठा, सॉफ्टवेअर सगळं पुन्हा तपासून प्रमाणपत्र मिळवावं लागतं. आणि एवढा खटाटोप करून विमान आधीपेक्षा तसूभरही चांगलं उडणार नसतं. जुन्या यंत्राच्या खोडी मेकॅनिकला पाठ असतात. नव्याच्या अजून कळायच्या असतात.

बँकांचंही तेच. १९५९ साली जन्मलेली कोबॉल ही संगणकाची भाषा तिथे अजून हिशेब सांभाळते. त्या कोडमध्ये कुणीतरी तीस वर्षांपूर्वी एखादी अट घातलेली असते. का घातली, हे सांगणारा निवृत्त झालेला. काढून बघायची हिंमत कोण करणार? ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती नव्या यंत्रणेवर नेली. माहिती धडपणे पोचली, पण नव्या यंत्रणेला भार पेलवेना आणि लाखो ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. २०२२ मध्ये दंड झाला साडेचार कोटी पौंडांच्या वर.

तरी ‘जुनं म्हणजे भरवशाचं’ हे मला अर्धंच पटतं. भरवसा नुसत्या कोडचा नसतो, ते ज्या जागी मुरलंय त्या जागेचाही असतो. एरियान-४ रॉकेटवर बिनबोभाट चाललेलं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर एरियान-५ वर तसंच उचलून बसवलं. नवं रॉकेट आडव्या दिशेने फार लवकर वेग घेणारं. त्या वेगाशी जोडलेला आकडा त्याच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या तोकड्या जागेत मावेना, दिशादर्शनाचा संगणक बंद पडला. त्याच्या जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही बंद. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत रॉकेटच्या ठिकऱ्या उडाल्या. कोडच्या ज्या तुकड्याने घात केला, त्याला एरियान-५ मध्ये उड्डाणानंतर काहीच काम नव्हतं. नीट चाललंय तर हात कशाला लावा, म्हणून तो तसाच ठेवला होता.