प्रोलीन : क्षारताणातील कार्य

प्रथिनांच्या घडणीत येणाऱ्या वीस ॲमिनो अम्लांपैकी प्रोलीन हे एक. पाण्यात ते फार सहज विरघळते. जमीन खारवली, पाण्याची ओढ बसली किंवा कडाक्याची थंडी पडली, की पुष्कळ वनस्पतींच्या पेशींत ते सुट्या, म्हणजे प्रथिनात न गुंफलेल्या रूपात साठू लागते. केम्बल आणि मॅकफर्सन यांनी 1954 मध्ये कोमेजत चाललेल्या राय गवतात ही वाढ प्रथम नोंदवली. क्षारसहनशीलतेच्या अभ्यासात आज सर्वाधिक मोजले जाणारे संयुग बहुधा हेच असेल. मात्र मोजमाप जितके सोपे, तितका त्याचा अर्थ लावणे सोपे नाही.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (क्षार किती आहेत याचे माप) 4 डेसिसीमेन प्रति मीटरपेक्षा अधिक असेल, तर जमीन क्षारयुक्त मानतात. पिकांची सोसण्याची मर्यादा मात्र वेगवेगळी असते. घेवड्याचे उत्पादन 1 च्या, कांद्याचे 1.2 च्या आणि उसाचे 1.7 च्या पुढे घटू लागते. गहू 6 पर्यंत, कापूस 7.7 पर्यंत आणि जव 8 पर्यंत तग धरतो. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानांत वर्षानुवर्षे घेतला जाणारा ऊस हा या यादीतला नाजूक गडी आहे.

खारेपणाचा मार दोन टप्प्यांत बसतो. मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे जड जाते. जमीन ओली असूनही झाडाची वाढ मंदावते. पुढे सोडियम व क्लोराइड पानांत साचतात आणि जुनी पाने टोकाकडून करपू लागतात.

पाणी आत ओढायचे तर पेशीतील द्रावण बाहेरच्यापेक्षा दाट हवे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आत आलेला सोडियमच वापरणे. पण पेशीद्रव्यातील विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, तो मानवत नाही, म्हणून तो रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील द्रवाच्या पिशवीत, कोंडला जातो. वाढलेल्या पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असतो. तिच्यातील द्रावण दाट झाले की भोवतालच्या पेशीद्रव्यानेही तेवढेच दाट व्हायला हवे, नाहीतर त्यातील पाणी रिक्तिकेत निघून जाईल. येथे प्रोलीन उपयोगी पडते : बरेच साठले तरी ते विकरांच्या कामात अडथळा आणत नाही. पेशीद्रव्याचे आकारमान थोडे असल्याने एकूण प्रमाण कमी असूनही काम भागते.

हा उपाय महागडा आहे. पानात सोडियमचा एक आयन वापरण्यास सुमारे 3.5 एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) लागतात, तर प्रोलीनचा एक रेणू घडवण्यास सुमारे 41. शिवाय त्यात नायट्रोजन गुंततो. त्यामुळे ताण सरताच झाड हे भांडवल मोडते : तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, प्रोलीनचे विघटन होऊन ऊर्जा आणि ग्लुटामेट हे दुसरे ॲमिनो अम्ल परत मिळते.

ताणाच्या काळात प्रोलीन मुख्यतः या ग्लुटामेटपासूनच बनते आणि पी5सीएस हे विकर त्या निर्मितीचा वेग ठरवते. वनस्पतीतील या विकराचा जनुक पहिल्यांदा हाती लागला तो आपल्या मटकीतून, 1992 मध्ये, अमेरिकेत देशपाल वर्मा यांच्या प्रयोगशाळेत. पुढे तो तंबाखूत घातल्यावर (1995) त्या रोपांत प्रोलीन नेहमीच्या 10 ते 18 पट झाले आणि ती खाऱ्या पाण्यात अधिक चांगली वाढली. त्यानंतर भातासह इतर पिकांतही असे प्रयोग झाले.

तरीही ‘प्रोलीन जास्त, म्हणजे वाण सहनशील’ हे समीकरण टिकत नाही. भात आणि जव या दोन्ही पिकांत क्षाराला लवकर बळी पडणाऱ्या वाणांत अधिक प्रोलीन आढळल्याची उदाहरणे आहेत. तेथे ते इजेची खूण ठरते. जो वाण सोडियम मुळाशीच अडवतो, त्याला पानात एवढे प्रोलीन साठवण्याची गरजच पडत नाही. म्हणून केरळच्या पोक्कालीसारख्या क्षारसहनशील भातातून नवे वाण काढणारे पैदासकार प्रोलीनपेक्षा पानातील सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण पाहतात, आणि ते योग्यच आहे.

ग्लायसीन बीटेन हे ग्लायसीन या ॲमिनो अम्लाचे रूप असलेले संयुगही प्रोलीनसारखेच पेशीद्रव्य दाट ठेवण्याचे काम करते. वनस्पती ते कोलीनपासून दोन पायऱ्यांत बनवतात. बीटमध्ये प्रथम सापडल्याने त्याला हे नाव मिळाले. पालक आणि खाडीकाठची तिवरे यांतही ते साठते. भातात मात्र जवळजवळ नसते. दुसऱ्या पायरीवरील विकराचा एक भाऊबंद भातात आहे आणि त्याची कथा वेगळीच आहे. बासमतीत त्याचा जनुक निकामी झालेला असतो; त्यामुळे एरवी गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्लाकडे, म्हणजे ताणात वाढणाऱ्या आणखी एका संयुगाकडे, जाणारा माल दुसरीकडे वळतो आणि तांदळाला सुवास येतो. त्या सुवासी रेणूतील नायट्रोजनही प्रोलीनकडूनच येऊ शकतो.

प्रोलीन वा बीटेन बाहेरून फवारल्यास किंवा बियाणे त्यांच्या द्रावणात भिजवल्यास खाऱ्या पाण्यातील रोपांची वाढ सुधारते, असे कुंड्यांतील अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्रा वाढली तर प्रोलीन स्वतःच वाढ खुंटवते. बाजारात मिळणारी ‘ॲमिनो’ औषधे बहुधा शुद्ध प्रोलीन नसून प्रथिनांचे विघटन करून मिळवलेली मिश्रणे असतात. 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांचा समावेश झाल्यापासून ती त्याच्या कक्षेत येतात. फवारणीने मातीतील क्षार हलत नाही. चोपण जमिनीत तर सोडियममुळे मातीची घडणच मोडलेली असते आणि पाणी मुरत नाही. तेथे जिप्सम व निचरा यांना पर्याय नाही.