रॅकेट बॉईज

रॅकेट बॉईज ही बॅडमिंटन खेळणाऱ्या शाळकरी मुलामुलींवरची दक्षिण कोरियन दूरचित्रवाणी मालिका आहे. एसबीएस वाहिनीवर ३१ मे ते ९ ऑगस्ट २०२१ या काळात तिचे १६ भाग दाखवले गेले आणि नेटफ्लिक्समुळे ती कोरियाबाहेरही पोचली. दिग्दर्शन जो यंग-ग्वांग यांचे, लेखन जंग बो-हून यांचे. जंग यांनी याआधी तुरुंगात गेलेल्या एका बेसबॉलपटूवरची गाजलेली मालिका लिहिली होती. मूळ नावातल्या ‘सोन्यनदान’ या शब्दाचा अर्थ मुलांचे पथक असा होतो. बीटीएस या गायकसमूहाच्या कोरियन नावातही हाच शब्द आहे, त्यामुळे शीर्षक ऐकताच कोरियन प्रेक्षकाला तो समूह आठवतो.

कथा घडते हेनाम या तालुक्यासारख्या भागात. दक्षिण जोल्ला प्रांतातला हा मुलूख कोबी आणि रताळ्यांसाठी ओळखला जातो. कोरियाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक इथेच असून त्याला ‘तांगक्कुत’, म्हणजे जमिनीचा शेवट, असे म्हणतात. सोलमध्ये बेसबॉल खेळणारा युन हे-कांग (टांग जुन-सांग) वडिलांसोबत इथे येतो तो नाइलाजाने. पैशांची ओढाताण असलेले वडील युन ह्यन-जोंग (किम सांग-ग्यंग) यांना हेनाममधल्या शाळेत बॅडमिंटन प्रशिक्षकाचे काम मिळालेले असते. आई रा यंग-जा (ओ ना-रा) तिथल्याच मुलींच्या संघाची प्रशिक्षक, एके काळची नावाजलेली खेळाडू. मुलांच्या संघात मात्र तिघेच उरलेले असतात: कर्णधार बांग युन-दाम, ना वू-चान आणि सर्वांत धाकटा ली योंग-ते. सांघिक स्पर्धेला उतरायला चौथा गडी हवा. लहानपणी बॅडमिंटनमध्ये चमकलेला हे-कांग कुरकुरत का होईना, पुन्हा रॅकेट हातात घेतो. अभ्यासात हुशार असलेला जंग इन-सोल पुढे पाचवा म्हणून येतो. मुलींमध्ये हान से-युन (ली जे-इन) ही वयाच्या मानाने फार गंभीर. राष्ट्रीय संघातली सर्वांत लहान खेळाडू व्हायचे तिने मनाशी पक्के केलेले आहे.

संघातली मुले प्रशिक्षकाच्याच घरी राहतात आणि काही काळाने से-युन आणि तिची मैत्रीण ली हान-सोलही तिथे येतात. त्यामुळे मालिकेतला निम्मा जीव मैदानात आणि निम्मा जेवणाच्या बैठ्या मेजाभोवती आहे. हे-कांगची चिमुरडी बहीण हे-इन मध्ये घुसून बसलेली, शेजारून कुणीतरी काहीतरी आणून दिलेले, आणि हरून आलेल्या मुलाच्या वाटीत कोणी न बोलता भाजी वाढते आहे, असा तिथला वावर. खेळावरच्या मालिकेत गुणफलकाला एवढे कमी आणि पानावरच्या माणसांना एवढे जास्त महत्त्व क्वचितच मिळते.

या घराचे मोल कळायला कोरियातल्या शालेय खेळाची रीत माहीत हवी. १९७२ पासून तिथे राष्ट्रीय बालक्रीडा महोत्सव भरतो. ‘सोन्यन चेजन’ म्हणतात त्याला. मालिकेतल्या पथकाचे स्वप्नही हेच मैदान. खेळात निवडलेल्या मुलांनी एकत्र राहून दिवसभर सराव करायचा, अभ्यास मागे पडला तरी चालेल, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पदके आली, पण त्याची किंमत मुलांनी मोजली. २००३ साली चनान शहरात एका प्राथमिक शाळेच्या फुटबॉल वसतिगृहाला आग लागून मुले दगावली आणि अशा वसतिगृहांवर देशभर प्रश्न उभे राहिले. २०२० मध्ये एका तरुण ट्रायथलॉनपटूने संघातल्या छळामुळे जीव दिला. २०२१ च्या सुरुवातीला शाळेत असताना सहखेळाडूंना छळल्याच्या तक्रारींवरून व्हॉलीबॉलच्या नामवंत खेळाडूंना राष्ट्रीय संघातून काढले गेले. त्यानंतर काही महिन्यांतच ही मालिका आली. मुलांवर हात न उगारणारा, स्वतःही चुकत शिकणारा प्रशिक्षक त्या वेळी पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि मालिकेचे खरे मोठेपण इथेच आहे.

गावातली मोठी माणसेही कथेत पुरती मुरलेली आहेत. शेजारच्या आजींना सगळे ‘ओमे आजी’ म्हणतात. ‘ओमे’ हा जोल्ला बोलीतला उद्गार, आपल्याकडच्या ‘अगो बाई’सारखा. शहर सोडून आलेले एक जोडपे आयुष्य संपवायच्या विचारात असते. गावकऱ्यांची आपुलकी त्यांना हळूहळू माघारी वळवते. हा धागा मुलांच्या सामन्यांइतकाच जपून विणला आहे.

बॅडमिंटनसाठी जोल्लाची निवड उगाच नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारा ली योंग-दे याच प्रांतातल्या ह्वासुनचा. मालिकेतला योंग-ते त्याचा भक्त आहे. नाजूची आन से-यंग २०१७ मध्ये माध्यमिक शाळेत असतानाच निवड चाचणीतून राष्ट्रीय संघात गेली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिने एकेरीचे सुवर्ण मिळवले. से-युनला पाहताना तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मराठी वाचकासाठी आणखी एक दुवा म्हणजे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी अधिकारी पुण्यात हा खेळ खेळत, आणि त्यावरून त्याला काही काळ ‘पूना’ हेच नाव होते.

मालिकेला गालबोट लागले ते पाचव्या भागात. जकार्ता इथल्या स्पर्धेच्या प्रसंगात यजमान मुद्दाम गैरसोय करतात, प्रेक्षक से-युनच्या चुकीवर जल्लोष करतात असे दाखवले होते. बॅडमिंटन जिथे जीव की प्राण आहे त्या इंडोनेशियात याने संताप उसळला. एसबीएसने समाजमाध्यमावर माफी मागितली. टीका रास्त होती. जोल्लातल्या एका खेड्याकडे इतक्या मायेने पाहणाऱ्या लेखणीने दुसऱ्या देशातल्या प्रेक्षकांना नुसता गलका करणारा जमाव करून टाकले होते. याच मालिकेचे अखेरचे भाग सुरू असताना, २ ऑगस्ट २०२१ रोजी, ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायू यांनी टोकियोत इंडोनेशियाला महिला दुहेरीचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले.